सगळ्या तालुक्यांपुढे ० टक्के का येतंय?

भावा, गुळाच्या आवकेत प्रत्येक तालुक्याचा वाटा किती टक्के, हे काढायला तू पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये तालुक्याचे रवे भागिले एकूण रवे, गुणिले १०० असं लिहिलंस. तुझं गणित बरोबर आहे, भागाकाराची जात चुकलीय. 'आवक' टेबलात गुळाचे रवे (ढेपा) इंटिजर म्हणजे पूर्णांक, त्यांची बेरीजही इंटिजर. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की पोस्टग्रेस अपूर्णांक टाकून देतं. करवीर तालुक्याचे ४५० रवे भागिले एकूण १००० म्हणजे ०. मग १०० ने गुणून काय उपयोग? एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट हे डेटाबेसही याच वळणाचे. मायएसक्यूएलमध्ये तुझी हीच क्वेरी चालली असती.

असं लिही (कीवर्ड आणि आकडे अर्थातच इंग्रजीत):

सिलेक्ट तालुका,
राउंड(१००.० * सम(रवे) / नलइफ(सम(सम(रवे)) ओव्हर (), ०), २)
फ्रॉम आवक
ग्रुप बाय तालुका;

१००.० आधी गुणल्यामुळे भागाकार दशांशात होतो, अपूर्णांक गळत नाही. सम(सम()) बघून दचकू नकोस. आतली बेरीज एका तालुक्याची, बाहेरची ओव्हर () मुळे सगळ्यांची. वेगळी सबक्वेरी (क्वेरीच्या आत क्वेरी) लागत नाही. पोस्टग्रेसमध्ये ओव्हरची ही सोय २००९ च्या ८.४ पासून आहे. नलइफ कशाला, तर एकूण आवक शून्य निघाली तर छेदात शून्याऐवजी नल (रिकामं) जावं आणि क्वेरी एररने पडू नये म्हणून.

आता व्हेअरचं, म्हणजे ओळी गाळणाऱ्या अटीचं. त्यात फक्त करवीर मागितलास तर करवीर १०० टक्के दाखवेल, कारण व्हेअर आधी चालतं आणि छेदात बाकीचे तालुके उरतच नाहीत. आधी सगळ्यांचे टक्के विथमध्ये (मुख्य क्वेरीच्या आधी नाव देऊन लिहायच्या क्वेरीत) काढ, गाळणी बाहेर लाव.

पण माझा खरा आक्षेप रवे मोजण्यालाच आहे. मार्केट यार्डात ३० किलोचा रवा येतो तसा १० किलोचाही येतो. समज, एवढीच आवक झाली: कागलहून ३० किलोचे १० रवे आले आणि पन्हाळ्याहून १० किलोचे ३०. दोन्हीकडे ३०० किलोच, पण तुझा रिपोर्ट कागलला २५ आणि पन्हाळ्याला ७५ टक्के देणार. अडत्याला आवक विचारायची असते ती वजनाची. टेबलात वजनाचा कॉलम आहे असं तूच लिहिलंयस, मग सम(वजन) घे. तो कॉलम डबल प्रिसिजन (अंदाजे दशांशाचा प्रकार) असेल तर राउंडला दोन दशांश सांगता येत नाहीत, आधी न्यूमेरिकमध्ये (नेमक्या दशांशाच्या प्रकारात) कास्ट कर, म्हणजे बदलून घे.

आणि खालची 'एकूण' ओळ राउंड केलेले टक्के मिळवून काढू नकोस. तीन सारखे वाटे असले तरी ९९.९९ येतं, आणि तेवढ्या एका पैशासाठी हिशेबनीस तुला दिवसभर फोन करेल.