आधी दुरुस्ती, मग ड्रॉइंग

नागपूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अणुकचऱ्याच्या कामात मेकॅनिकलवाल्याला फारसा वाव नाही, असं तुझ्या घरी कोणीतरी सांगितलंय. खरं तर कचऱ्याचं रसायन ठरलं की पुढे उरतात टाक्या, पाइप, क्रेन, पंखे, फिल्टर आणि वेल्डचे जोड. फरक एवढाच, की प्लांट एकदा ‘हॉट’, म्हणजे किरणोत्सर्गी, झाला की बऱ्याच भागांना माणसाचा हात पुन्हा लागत नाही. कोराडीला राखेचा स्लरी पंप बसला तर फिटर पाना घेऊन पोचतो. इथे जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडचा नट शिशाच्या काचेतून बघत मॅनिप्युलेटरच्या, म्हणजे दुरून चालवायच्या यांत्रिक हाताच्या, चिमट्यानं काढायचा असतो. म्हणून ड्रॉइंगला हात घालण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हे बिघडलं तर निघेल कसं?

त्यावरून बाकीचं ठरतं. बोल्ट सुटून खाली पडणार नाही असा, सगळ्यांची डोकी एकाच मापाची. बसवायच्या पिनला निमुळतं टोक, म्हणजे थोडी तिरकी गेली तरी आपोआप वाट धरते. पाइपला टाकीकडे उतार, शंभराला एक तरी. सॉकेट वेल्ड (पाइप खोबणीत घालून केलेला) आणि थ्रेड (आटे) टाळायचे, कारण त्या फटीत द्रव अडकतो आणि धुऊन निघत नाही. जोड बट वेल्डचा, म्हणजे टोकाला टोक लावून केलेला, जाडीभर पूर्ण पेनिट्रेशनचा, रेडिओग्राफी (एक्स-रेसारखी तपासणी) केलेला. द्रव उचलायला पंपाऐवजी स्टीम जेट (वाफेच्या झोतानं ओढणारा) किंवा एअरलिफ्ट (हवेच्या बुडबुड्यांनी उचलणारा), कारण त्यांत फिरणारा भागच नसतो. पण जेटची एक खोड आहे: द्रव तापला की सक्शन सुटतं, आणि वाफेचं पाणी कचऱ्यात मिसळून तेवढा कचरा वाढतो. आपण हाताशी धरतो ती टेफ्लॉन टेप तर इथे विसरूनच जा. रासायनिकदृष्ट्या दणकट असली तरी किरणोत्सर्गात ती लवकर ठिसूळ होऊन चुरा होते.

आता टाकीचं. आपल्याकडे उच्च पातळीचा, म्हणजे सर्वांत जास्त किरणोत्सर्गी, कचरा नायट्रिक आम्लात असतो, म्हणून स्टेनलेस ३०४एल. ‘एल’ म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. साधं ३०४ घेतलं तर वेल्डच्या शेजारचा पट्टा ४५० ते ८५० अंशांतून जाताना कणांच्या सीमेवर क्रोमियम कार्बाइड धरतं, आणि आम्ल नेमकं तिथूनच खात सुटतं. ते तपासायला एएसटीएम या अमेरिकी मानकसंस्थेच्या ए२६२ ची प्रॅक्टिस सी आहे: उकळत्या ६५ टक्के नायट्रिक आम्लात ४८ तासांचे ५ टप्पे, दर टप्प्याला नमुन्याचं वजन. तू हिंगणा एमआयडीसीत ट्रेनिंगला जाशील तेव्हा नजर इथे ठेव: स्टेनलेसच्या जॉबवर माइल्ड स्टीलवर वापरलेला ग्राइंडर चालतोय का? साधा वायर ब्रश? हायड्रोटेस्टला (पाणी भरून दाबाची चाचणी) थेट बोअरचं पाणी? पहिल्या दोन्हींनी लोखंडाचे कण रुततात आणि गंज धरतो. तिसऱ्याचं क्लोराइड तपासलेलं नसेल तर तडे जायची भीती. अमेरिकेत हॅनफर्डला १७७ टाक्या कार्बन स्टीलच्या आहेत. कचरा अल्कलाइन करून भरला, तळाला गाळ बसला, आणि आता तो गाळ बाहेर काढणं हाच कित्येक दशकांचा उद्योग झालाय.

काचेत गोठवण्याचं काम आपल्याकडे तुर्भे (मुंबईतलं ट्रॉम्बे), तारापूर आणि कल्पक्कम इथे होतं. कचरा आटवून बोरोसिलिकेट काचेत सुमारे ९५० अंशांना वितळवतात, स्टीलच्या डब्यात ओततात, झाकण दुरून वेल्ड करतात. काच ऐकायला सोपी वाटते. पण रुथेनियम, पॅलेडियमसारखे धातू तिच्यात विरघळत नाहीत, तळाशी बसतात, आणि सिरॅमिक मेल्टरमध्ये (काच विजेनं वितळवायची भट्टी) इलेक्ट्रोडचा करंट काचेऐवजी त्यांच्यातून वाट काढतो. रुथेनियमचा काही भाग वाफ होऊन वरच्या डक्टमध्ये जमतो. तुर्भ्याच्या कचऱ्यात सल्फेट जास्त. नेहमीच्या काचेत ते वेगळं होऊन पिवळा थर देतं, म्हणून तिथली काच बेरियमची. धुराच्या वाटेवरचा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरतो, पण ओला झाला की संपला. त्याच्या आधी डेमिस्टर (पाण्याचे थेंब पकडणारी जाळी) आणि हीटर हवाच. नवीन फिल्टरवर दाबाचा फरक साधारण २५ मिलिमीटर पाणी असतो. तो अचानक कमी झाला तर खूश होऊ नकोस, फिल्टर फाटला असेल.

घरच्यांची काळजी रास्त आहे, पण ती आकड्यांत मांड. आपल्याकडे कामगाराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या डोसची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३०. ताशी २ मिलिसीव्हर्ट असलेल्या जागी १५ मिनिटं लागली तर ०.५ खर्च झाला. तेच काम आधी हुबेहूब मॉक-अपवर (किरणोत्सर्ग नसलेली प्रतिकृती) घोटून ६ मिनिटांत केलं तर ०.२. अंतर दुप्पट केलं की छोट्या स्रोताचा डोस चौथाईवर येतो. या व्यवसायात चपळाईपेक्षा रंगीत तालमीला किंमत आहे.

वाट सरळ आहे. गेटचा मेकॅनिकलचा स्कोअर किंवा बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्र) स्वतःची परीक्षा, मग मुलाखत, मग ट्रेनिंग स्कूलचं एक वर्ष. डिग्रीला किमान ६० टक्के लागतात. मुलाखतीत तुझ्याच प्रोजेक्टवर खोदून विचारतील. फ्लुइड, हीट ट्रान्सफर आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स या तिघांवर हात पक्का ठेव, सीएफडीच्या (संगणकावरच्या प्रवाहाच्या गणिताच्या) रंगीत चित्रांनी कोणी भुलत नाही.

तुझ्या प्रोजेक्टच्या टाकीचं ड्रॉइंग पाठव. नॉझलचा (टाकीला पाइप जोडायच्या तोंडांचा) तक्ता आधी, आणि त्यात प्रत्येक नॉझलसमोर लिही: चोंदला तर कुठून, कशानं मोकळा करणार.

तुझा,
काका