लहान बोट म्हणजे वाडा

(बावीस वर्षे प्रवासी बोटींवर स्टुअर्ड म्हणून काम करून आता डिचोलीत स्थायिक झालेले आमचे सदरलेखक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देतात.)

प्रश्न : आम्ही दोघे बँकेतून निवृत्त, वय ६७ आणि ६३. लग्नाला चाळीस वर्षे होतात म्हणून मेलबर्नची लेक आम्हाला ग्रीसच्या बेटांना पाठवते म्हणते, तेही दोनशे प्रवाशांच्या छोट्या आलिशान बोटीने. मोठ्या बोटीच्या तिप्पट पैसे पडतात. आम्ही दारू घेत नाही, हिचे गुडघे दुखतात, सोमवारी शाकाहार असतो. एवढ्या पैशांत मिळते तरी काय? कंटाळा तर नाही ना येणार? – एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी मीच एक विचारतो. गावातल्या आपल्या वाड्यावरून, म्हणजे वस्तीतून, जाताना चार जणांनी ‘कुठे निघालात?’ म्हणून थांबवलेले तुम्हाला आवडते, की पणजीच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्याचे नावही माहीत नसते तेच बरे वाटते? तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यात आहे.

पहिली अकरा वर्षे मी अडीच हजार प्रवाशांच्या बोटीवर होतो. माझ्याकडे अठरा केबिनी. नंबर लक्षात राहायचे, माणसे नाहीत. मग लहान बोटीवर गेलो. तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला नावाने हाक मारायची असा हुकूमच होता. फोटोंची यादी घेऊन मी रात्री बंकवर पडून पाठ करायचो, शाळेत पाढे करायचो तशी. कोणाला कॉफीत दूध नको, कोणाला डाव्या कानाने कमी ऐकू येते, सगळे. तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः याचे. बाकी संगमरवरी बाथरूम वगैरे हल्ली हॉटेलातही मिळते.

पण हे दुधारी असते. एक बाई दरवर्षी नवऱ्याबरोबर यायच्या. एका वर्षी त्यांचे नाव यादीत दिसले आणि मी मागची आठवण ठेवून पलंगाच्या दोन्ही बाजूंना स्लिपर मांडल्या, साहेबांच्या बाजूला त्यांच्या आवडीची आल्याची बिस्किटे. यादीत एकच नाव होते, ते मी नीट पाहिलेच नव्हते. बाई आत आल्या, बघत राहिल्या, म्हणाल्या, ‘राहू दे.’ दहा दिवस मी ती रिकामी जोडी रोज सरळ करत होतो. बिस्किटे मात्र तिसऱ्या दिवसापासून कमी व्हायला लागली.

कंटाळ्याचे म्हणाल, तर नाटकगृह, कॅसिनो, घसरगुंड्या यातले लहान बोटीवर फारसे काही नाही. जेवायला तीच माणसे. नाश्त्याला नवरा-बायकोची खटखट झाली तर चहापर्यंत ती वरच्या डेकला पोचलेली असते. मांडवीच्या फेरीबोटीत अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करणारे तुम्ही असाल तर मजेत राहाल.

‘लहान म्हणजे ऐसपैस’ असे समजू नका. बोटीचे एकूण टनेज (हे वजन नव्हे, आतल्या जागेचे माप) प्रवाशांच्या संख्येने भागा, आकडा जितका मोठा तितकी जागा जास्त. १९८६ ची शिडाची ‘विंड स्टार’ सुमारे ५,३०० टनांची, प्रवासी १४८, उत्तर ३६ च्या आसपास. २०२४ मध्ये निघालेली अवाढव्य ‘आयकॉन ऑफ द सीज’ जवळपास २ लाख ४८ हजार टनांची, केबिनीत दोघे धरून ५,६१० प्रवासी, म्हणजे ४४! लेकीला सांगा, बुकिंगआधी हा भागाकार करून बघ.

पैशांचे एक खरे सांगतो. अशा बऱ्याच बोटींवर दारू आणि टिप भाड्यातच धरलेली असते. तुम्ही घेत नाही, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या शॅम्पेनला तुमचाही हातभार. टिप पुन्हा वेगळी द्यावी लागत नाही, एवढीच काय ती वसुली.

मग लहान बोटीने का जायचे? मोठी जिथे शिरूच शकत नाही तिथे ती जाते म्हणून. ग्रीसमधला कॉरिंथचा कालवा १८९३ मध्ये खुला झाला, सहा किलोमीटरहून लांब, तळाशी जेमतेम २१ मीटर रुंद. आमची बोट ओढणाऱ्या टगबोटीच्या मागून शिरली तेव्हा दोन्ही बाजूंना उभे कापलेले कडे आणि वर आकाशाची एक पट्टी. प्रवासी सोडा, आमचा गॅलीतला आचारीसुद्धा सुरी हातात घेऊन बाहेर आला होता. दरडींमुळे कालवा अधूनमधून बंद असतो, त्यामुळे ‘कालवा नक्की ना?’ हे लेखी विचारा.

वहिनींच्या गुडघ्यांचे मात्र मनावर घ्या. बऱ्याच लहान बेटांवर बोटीला लागायला धक्का नसतो, बोट बाहेर नांगरते आणि टेंडर नावाच्या छोट्या नावेने किनाऱ्यावर जावे लागते. नाव वर-खाली होत असते. खलाशी पुढे हात करतो तेव्हा त्याचा पंजा धरू नका, मनगटाच्या वर धरा, तोही तुमचे तसेच धरेल. पंजा ओला असला की सुटतो. नाव वर आली की पाऊल टाकायचे, ते तो सांगेल तेव्हाच. त्या दिवशी साडी नको, पंजाबी ड्रेस बरा.

जुलै-ऑगस्ट टाळा. त्या दिवसांत तिथे मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा जोर धरतो, लहान बोट जास्त हलते आणि टेंडर रद्द होतात. मे किंवा सप्टेंबरअखेर चांगला. केबिन खालच्या डेकवर, बोटीच्या मध्यावर मागा. बाल्कनी नसली तरी पोट शाबूत राहते. बोट मध्येच तुर्कीला लागून पुन्हा ग्रीसला येत असेल तर शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे पुन्हा आत येऊ देणारा हवा आणि तुर्कीचा वेगळा.

सोमवारचे आधीच लिहून कळवा, आणि ‘शाकाहारी’ एवढेच लिहू नका. मासे नाहीत, अंडे नाही, मांसाचा रस्साही नाही, असे फोड करून लिहा. मी एकदा एका नागपूरच्या आजींना कोळंबी घातलेले सॅलड वाढले होते, आचाऱ्याने ‘मीट नाही’ म्हणून दिले होते. गोव्याच्या माणसाने ते वाढण्याआधी ताटात बघायला हवे होते!

प्रश्न : बोट सुटताना सुरक्षेची जी ड्रिल घेतात ती चुकवली तर चालते का? आम्ही मागच्या वेळी डेकवर फोटो काढत राहिलो. – एक वाचक, म्हापसा

उत्तर : चालत नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची ड्रिल झालीच नव्हती. त्यानंतर नियमच झाला : ड्रिल बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी. आम्ही हजेरी घ्यायचो आणि न आलेल्यांच्या दारावर जाऊन ठोठावायचो. तुमच्या स्टुअर्डला तेवढा जिना चढायला लावू नका.