बारा हजार किलोमीटरची गाडी आणि पंचावन्न लाखांचे कॅश क्रेडिट

सोलापूरहून एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ४७, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा कारखाना, मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत, आणि घरखर्च व कर वजा जाता वर्षाला सुमारे सात लाखांची शिल्लक. त्यांच्यासमोर दोन वापरलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ गाड्या आहेत. एक १२,००० किलोमीटर चाललेली, मागणी ३४ लाख. दुसरी ६८,००० चाललेली, मागणी २५ लाख. कमी चाललेली गाडी घ्यावी, वर्षाला जेमतेम ५०० किलोमीटर चालवावी आणि आठ वर्षांनी ६० लाखांना विकावी, असा त्यांचा बेत आहे. त्यासाठी २० लाखांची मुदत ठेव मोडायची आणि १४ लाखांचे कर्ज काढायचे. पत्राच्या शेवटी ते सहज लिहितात, “सुरक्षिततेची बाजू पक्की आहे. सीसीच्या (धंद्यासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या) नूतनीकरणाच्या वेळी बँकेतील साहेबांनी तीन पॉलिसी काढून दिल्या; वर्षाला ४.२० लाख हप्ता आहे. त्यामुळे आता थोडी जोखीम घ्यायला हरकत नसावी.”

स. न. वि. वि.

आपण जे विचारले आहे त्याचे उत्तर आधी देतो. दोन गाड्यांच्या किमतीत ९ लाखांचे अंतर आहे आणि चालण्यात ५६,००० किलोमीटरचे, म्हणजे न चाललेल्या प्रत्येक किलोमीटरसाठी आपण १६ रुपये मोजत आहात. सोलापूर ते पुणे आणि परत, असे ५०० किलोमीटर केले की पेट्रोलखेरीज ८,००० रुपये आपण स्वतःच्याच गाडीच्या किमतीतून खर्च केलेले असतील. प्रत्यक्षात ही घसरण सरळ रेषेतही नसते. पहिले काही हजार किलोमीटर सर्वांत महाग पडतात. शिवाय अशा गाडीच्या जाणकार कारागिरासाठी पुण्याला जावे लागले, तर वर्षाचे पाचशे किलोमीटर एका सर्व्हिसिंगमध्येच संपतील.

मॅक्लारेन एफ१ या ब्रिटिश सुपरकारचे उदाहरण आपण दिले आहे. जेमतेम ३९० किलोमीटर चाललेली ती गाडी २०२१ साली अमेरिकेतील पेबल बीचच्या लिलावात २ कोटी ४ लाख डॉलरांवर गेली, हे खरे आहे. परंतु सुमारे १५,००० किलोमीटर चाललेल्या दुसऱ्या एफ१ लाही २०१७ साली १ कोटी ५६ लाख डॉलर मिळाले होते. त्या गाड्या साऱ्या जगात मिळून १०६ बनल्या आणि त्यांचे ग्राहकही जगभर आहेत. आपली गाडी २०२० साली ३५.९९ लाखांना, शोरूमच्या किमतीत, भारतात आलेल्या २०० गाड्यांपैकी एक आहे आणि तिचा ग्राहक फक्त भारतातच आहे. त्यातही २०२५ साली कंपनीने याच गाडीची नवी, अधिक ताकदीची आवृत्ती ४९.९९ लाखांना आणली. जुन्या आवृत्तीला आणखी आठ वर्षांनी त्याहून १० लाख जास्त देणारा माणूस कोण, याचे उत्तर आपल्या पत्रात नाही. २०३४ साली तिच्या आरसीची पंधरा वर्षांची मुदत संपत आलेली असेल, हेही तो ग्राहक पाहणारच.

किलोमीटरच्या आकड्यावर माझा तसाही फारसा विश्वास नाही, कारण मीटर मागे फिरवणे अवघड नाही. चासी क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस केंद्रातील प्रत्येक भेटीची तारीख व किलोमीटर काढून घ्या. टायरवरील चार आकड्यांत तो बनल्याचा आठवडा व वर्ष असते. १२,००० चाललेल्या गाडीचे टायर बदललेले दिसले, तर का बदलले ते विचारा. पेडलचे रबर आणि स्टिअरिंगवरचे चामडे किती घासले आहे ते पाहा, रंगाची जाडी यंत्राने मोजून घ्या आणि इंजिनच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवली होती का, याचीही तपासणी करून घ्या, कारण संग्राहक मूळ स्थितीचे पैसे देतो. गाडी उभी ठेवली म्हणजे जपली, असेही नाही. बॅटरी बसते, ब्रेक ऑइल ओलावा शोषते, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात टायर व रबरी सील न चालताही कडक होतात. सगळी कागदपत्रे असलेली, वेळच्या वेळी तेल बदललेली ६८,००० ची गाडी ही कागदपत्रे नसलेल्या १२,००० च्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली.

आता ६० लाख मिळतीलच असे गृहीत धरू. किंमत ३४ लाख, कर्जावरील व्याज सुमारे ४ लाख, विमा व देखभाल वर्षाला सव्वा लाख धरली तर आठ वर्षांत १० लाख. एकूण ४८ लाख घालून ६० लाख, म्हणजे वर्षाला चार टक्क्यांहूनही कमी. मोडायला निघालेली मुदत ठेव याहून जास्त देते. पाच वर्षांपुढील गाडीची विमा रक्कम कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते, आणि ती मूळ किमतीच्या निम्म्याच्या, म्हणजे १८ लाखांच्या, वर जाणे कठीण. गाडी चोरीला गेली तर उरलेले १६ लाख आपले गेले. गाडी फर्मच्या नावावर घेऊन घसारा, म्हणजे गाडीच्या झिजेपोटी करात मिळणारी वजावट, लावण्याचा विचार असेल तर विक्रीच्या वेळी तो करात परत द्यावा लागू शकतो. वैयक्तिक वापराच्या गाडीवरील नफा करमुक्त असतो, पण वर्षात पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला वैयक्तिक वापर म्हणणे आपल्यालाही जड जाईल.

आता आपण जे विचारलेच नाही त्याकडे वळतो, कारण या पत्राने मी अस्वस्थ झालो तो गाडीमुळे नव्हे. आपल्या सीसीची रक्कम ५५ लाख आहे, आपण वैयक्तिक हमीदार आहात आणि राहते घर तारण आहे. तिन्ही पॉलिसींचे मिळून विमा संरक्षण हप्त्याच्या दहापट, म्हणजे ४२ लाख. उद्या आपण नसाल तर बँकेचे ५५ आणि गाडीचे १४ असे ६९ लाख देणे, हातात ४२, आणि ठेव मोडलेली. गोदामातला माल व येणे बाकी वसूल होईल हे खरे; पण मालक गेल्यावर व्यापारी उधारी किती तत्परतेने चुकवतात, हे सोलापूरच्या कापड व्यवसायातील माणसाला मी सांगायला नको. ही पक्की बाजू?

त्या साहेबांनी “४२ लाख भरा, ७२ लाख हमखास” असे सांगितले, आणि आपण ३० लाखांचा फायदा मोजला. दहा वर्षे ४.२० लाख भरून पंधराव्या वर्षाअखेर ७२ लाख, याचा वार्षिक परतावा पाच टक्क्यांच्या किंचित वर येतो. त्याच बँकेला आपण सीसीवर दहा टक्के देता. कर्ज हवे असलेल्या माणसाला कर्जाच्या टेबलावर पॉलिसी विकणे याला सल्ला म्हणत नाहीत, आणि याबाबत सौम्य शब्द वापरण्याची माझी इच्छाही नाही.

तीन हप्ते गेले आहेत, १२.६० लाख. रागाने सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडून पैसे परत घेऊ नका. या टप्प्यावर साडेचार लाखांच्या आसपासच हाती येतील. पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवले, तर प्रमाणात धरता ७२ च्या तीन दशांश, सुमारे साडेएकवीस लाख, मुदतीअखेर मिळतात. साडेचार लाख सोडून बारा वर्षांनी साडेएकवीस लाख घेणे केव्हाही चांगले. उलट हप्ते चालू ठेवले, तर यापुढील पैशावर मिळणारा परतावा फक्त सहा टक्के. तेच ४.२० लाख दरवर्षी सीसीत भरले तर आयकरातील वजावट धरूनही सात टक्के वाचतात. तिन्ही पॉलिसींचे पेड-अप आणि सरेंडर मूल्य कंपनीकडून लेखी मागवा. अटींनुसार माझे आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

मात्र पेड-अप केल्यावर विमा संरक्षणही घटते, म्हणून आधी दीड कोटींचा साधा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घ्यावा. आपल्या वयाला, तंबाखूचे व्यसन नसल्यास, हप्ता वर्षाला पन्नास-साठ हजार धरून चाला. तो विवाहित स्त्रियांची मालमत्ता अधिनियम, १८७४ खाली पत्नी व मुलांच्या नावे घ्यावा, म्हणजे त्या रकमेवर आपल्या धनकोंना हक्क सांगता येत नाही. ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते. पत्नीची सहीही हमीपत्रावर असेल तर लाभार्थी म्हणून मुलांची नावे ठेवण्याबद्दल वकिलांना विचारा.

एक साधी बेरीज राहिली. कर्जाचा हप्ता महिना ३०,००० म्हणजे वर्षाला ३.६० लाख, आणि पॉलिसींचे ४.२० लाख, एकूण ७.८० लाख. आपली शिल्लक सात. मुलीची कॉलेजची फी दोन वर्षांवर आली आहे. तेव्हा यंदा दोन्हींपैकी कोणतीही गाडी घेऊ नये. तीन वर्षांनी सीसी चाळीसवर आली आणि फीची सोय झाली, तर ६८,००० वाली, किंवा तिच्यासारखी, स्वतःच्या पैशाने घ्या आणि मनसोक्त चालवा; तोवर ती स्वस्तही झालेली असेल.

आपल्या चौथ्या हप्त्याची तारीख २८ मार्च आहे. मुदत विम्याचा अर्ज या आठवड्यातच द्या, कारण वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांत दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुन्यांना हात लावायचा नाही.