आयर्लंडमधल्या एखाद्या लहानशा खेड्यातल्या साध्या कुळांचा इतिहास सापडतो का, की सगळं दप्तर जमीनदारांचंच?

सापडतो, पण बहुतेकदा ती कुळं कुणाशी तरी भांडली असतील तरच. मुकाट्याने खंड भरणाऱ्याचं दप्तरात एक नाव आणि एक आकडा, एवढंच उरतं. मी नोकरीनिमित्त डब्लिनमध्ये राहतो. इथं आल्यावर या विषयाचा नाद लागला तो बॅलिकिलक्लाइनमुळे.

रॉसकॉमन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) किलग्लास पॅरिशमधलं (पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीवरून पडलेला विभाग) हे एक टाउनलँड. टाउनलँड म्हणजे साधारण आपल्या सातबाऱ्यावरचं 'मौजे' समजा, फक्त बरंच लहान. देशभरात अशी ६०,०००हून जास्त आहेत. हे जेमतेम ६०० एकरांचं, वस्ती ५००च्या आसपास. रेनॉल्ड्स, नॅरी, हॅनली, कॉनर अशी घराणी.

जमीन ब्रिटिश राजसत्तेच्या मालकीची, पण पट्ट्याने शेजारच्या स्ट्रोक्सटाउनच्या मॅहन घराण्याकडे. १८३४ मध्ये पट्टा संपला, सरकार थेट मालक म्हणून दारात आलं आणि कुळांनी खंड देणंच बंद केलं. ते १८४७ पर्यंत! आयर्लंडच्या त्या मोठ्या दुष्काळामुळे खंड थकला असेल, असं कुणालाही वाटेल. पण ज्यामुळे तो दुष्काळ आला, तो बटाट्यावरचा करपा पडला १८४५ मध्ये. म्हणजे हा संप त्याच्या दहा वर्षं आधीचा. नोटिसा आल्या, जप्त्या आल्या, पोलीस आले. कुळांनी उलट अर्ज केले, वकील लावला. सरकारी बाबूंनी प्रत्येक गोष्टीवर पत्रं खरडली आणि त्याच गठ्ठ्यात आज ही माणसं सापडतात. वकील लावणारी ही कुळं मला तरी अडाणी, गांजलेली वाटत नाहीत.

शेवटी सरकारने तोडगा काढला तो असा: जागा रिकामी करा, न्यूयॉर्कपर्यंतच्या प्रवासाचा खर्च आमचा. १८४७-४८ मध्ये साडेतीनशेहून जास्त लोक डब्लिन, लिव्हरपूल करत न्यूयॉर्कला रवाना झाले आणि मागे घरं पाडली गेली. याला उदारपणा म्हणायचं की नाही, तुम्हीच ठरवा. पण शेजारी काय चाललं होतं तेही बघा. स्ट्रोक्सटाउनच्या डेनिस मॅहनने १८४७ मध्येच आपली सुमारे हजार कुळं कॅनडाला धाडली. त्यातली कितीतरी तापाने वाटेतच गेली. त्याच नोव्हेंबरात मॅहनला गोळी घालून मारलं. त्याच्या वाड्यात आता राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय आहे. इकडे आलात तर चुकवू नका.

बॅलिकिलक्लाइनची बरीच मंडळी पुढे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या रटलंडला, संगमरवराच्या खाणींच्या भागात, स्थिरावली. आणि गंमत म्हणजे, १९९०च्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स ऑर्सर या पुरातत्त्वज्ञाने नॅरी कुटुंबाच्या घरांच्या जागी उत्खनन सुरू केलं, तेव्हा इंग्लंडात बनलेल्या चांगल्या भांड्यांचे तुकडे निघाले. खंड भरायला पैसा नव्हता की भरायचाच नव्हता, हा प्रश्न त्यामुळे आणखी रंगतदार होतो.

तुम्हाला दुसरं एखादं गाव शोधायचं असेल तर १९०१ आणि १९११ची जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहे, घरागणिक नावांसकट. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणना मात्र १९२२च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीला लागलेल्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. त्या काळासाठी चर्चच्या दशमांशाच्या (चर्चसाठी शेतीवर लावलेल्या कराच्या) वह्या आणि ग्रिफिथची महसुली आकारणी (रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली झालेली जमीन-घरांची नोंद) यांवरच भागवावं लागतं. त्यातही ग्रिफिथची माणसं रॉसकॉमनला पोचेपर्यंत संपवाली कुळं अमेरिकेत होती, त्यामुळे त्यांच्यासाठी ती वही उपयोगाची नाही. शोधताना आधी काउंटी आणि पॅरिश पक्कं करा. एकाच नावाची टाउनलँड्स डझनावारी आहेत आणि स्पेलिंग तर दर वहीत वेगळं.