पिकवलेल्या पु-अर चहाला ओल्या मातीचा वास येतो. तो खराब झालाय का? आणि घरी करायचा कसा?

खराब नाही, त्याचा वास असाच असतो. चीनच्या युन्नान प्रांतात या चहाची पानं ओली करून ढीग लावतात आणि झाकून काही आठवडे आंबवतात. ही पद्धत १९७३ च्या सुमारास युन्नानची राजधानी कुनमिंगमध्ये बसली. माती, जुनं लाकूड हे वास या आंबवण्यातूनच येतात. माशासारखा वास आला तर चहा अजून नवा आहे, त्याची वडी (हा चहा बहुधा दाबून केलेल्या वडीत मिळतो) फोडून थोडे दिवस हवेशीर ठेवा. केसाळ बुरशी दिसली तर मात्र सरळ फेका.

दूध-साखर अजिबात नको. वडीच्या कडेतून बोथट सुरी आडवी सारून थर सोडवा. चुरा झाला की चहा गढूळ होतो. १०० मिली पाण्याला ५-६ ग्रॅम पानं पुरतात. पाणी खळखळ उकळतंच हवं. पहिलं पाणी लगेच ओतून द्या. मग पुन्हा पाणी घालून १०-१५ सेकंदांत गाळा, पुढे दर वेळी थोडं जास्त थांबा. त्याच पानांवर सहा-सात वेळा तरी चहा होतो. मला तिसऱ्या वेळचा चहा घोट-घोट प्यायला फार आवडतो: रंग कॉफीइतका गडद, पण जिभेवर मऊ, आणि गिळल्यावर घशाशी गोडवा. फार कडक वाटला तर पानं कमी करा, पाणी कोमट करू नका.