इंदूरच्या जुन्या वास्तूंवर हौसेने मराठी व्हिडिओ करताना एआय आणि कीवर्ड कितपत वापरावेत?

संहितेचा आराखडा किंवा शीर्षकाचे पर्याय एआयकडून घेतल्यास यूट्यूबवर तसे जाहीर करण्याची सक्ती नाही. मात्र खरे वाटेल असे कृत्रिम दृश्य दाखवले, तर अपलोड करताना ‘बदललेला आशय’ या प्रश्नाला ‘होय’ हेच उत्तर द्यावे लागते. १९८४ मध्ये राजवाड्याला लागलेल्या आगीचे दृश्य एआयने हुबेहूब तयार केले, तर ते याच नियमात बसते. मी तर चित्रावरच ‘काल्पनिक दृश्य’ असे ठळक लिहीन, कारण आपल्याकडे व्हिडिओ पुढे पाठवणारा माणूस खालचे वर्णन उघडून पाहत नाही.

खरी भीती संहितेची आहे. होळकरांच्या छत्र्यांविषयी, म्हणजे त्या राजघराण्याच्या स्मारकांविषयी, विचारले की एआय एखादे चुकीचे सालही इतक्या ठामपणे ठोकून देते की, जागेवरचा फलक किंवा छापील ग्रंथ पाहिल्याशिवाय ते व्हिडिओत घेऊ नये.

टॅगसाठी, म्हणजे अपलोड करताना वेगळ्या रकान्यात द्यायच्या कीवर्डसाठी, ५०० अक्षरांची मर्यादा आहे, पण ती भरून काढण्यात हशील नाही. शोधात शीर्षक, लघुचित्र (थंबनेल) आणि वर्णन यांनाच अधिक वजन असते. टॅगचा उपयोग मुख्यतः नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहिले जाते तेव्हा होतो, म्हणून ‘इंदूर’ आणि ‘इंदौर’ दोन्ही द्यावेत. व्हिडिओ कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर असताना ‘सराफा’, ‘पोहे-जिलबी’ असे चलती शब्द घुसडणे ही प्रेक्षकाची दिशाभूल ठरते आणि त्यापायी व्हिडिओ हटवलाही जाऊ शकतो.