वाचकांचे प्रश्न : गाडीच्या एसीत घरच्या घरी गॅस भरावा का?

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी लहान गाडी 9 वर्षांची आहे. मागील उन्हाळ्यात एसी थंड होईनासा झाला, तेव्हा एका गॅरेजमध्ये गॅस भरून घेतला. यंदा पुन्हा तीच तक्रार आहे. द्रुतगती मार्गावर एसी उत्तम चालतो, परंतु स्वारगेटच्या सिग्नलला गाडी थांबली की थोड्याच वेळात कोमट हवा येऊ लागते. गॅसचा डबा, नळी आणि मीटर बाजारात मिळतात. दर वर्षीचा खर्च वाचवण्यासाठी गॅस मी स्वतः भरला तर चालेल का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : गॅस स्वतः भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र आपल्या पत्रातील वर्णन पाहता आपल्या गाडीला गॅसची गरज आहे की नाही, याचीच मला शंका वाटते. पेट्रोल संपते तसा एसीतला गॅस वापराने संपत नाही, तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी नळ्यांतून आणि जोडांतून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो हे खरे, परंतु एका वर्षात एसी बंद पडण्याइतका कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा त्याच वाटेने जाणार आहे.

गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरला, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला, थंड करतो. सिग्नलला उभे राहिल्यावर तेच काम एकट्या पंख्यावर येते. धावताना थंड आणि थांबल्यावर कोमट, ही तक्रार बहुतेक वेळा पंख्याची किंवा धुळीने भरलेल्या कंडेन्सरची असते, आणि पुण्यात गेली काही वर्षे मेट्रोची व रस्त्यांची जी कामे चालू आहेत, त्यांची धूळ पाहता दुसरी शक्यताही मोठी आहे. ही तपासणी आपण निश्चितच घरी करावी. गाडी मोकळ्या जागेत उभी करून इंजिन व एसी चालू करावा, बॉनेट उघडावे आणि पंखा फिरतो का, पूर्ण वेगाने फिरतो का, ते हात दूर ठेवून पाहावे, कारण काही गाड्यांत तो अचानक सुरू होतो. तो फिरत नसेल तर फ्यूज, नंतर रिले (पंख्याचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा स्विच), नंतर मोटर या क्रमाने पाहावे. फ्यूज बदलताना तितक्याच अँपिअरचा घालावा. पंखा ठीक असेल तर दुसऱ्या कोणालातरी समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर हलक्या धारेने पाणी सोडायला सांगून आपण आत बसावे. मिनिट-दोन मिनिटांत हवा गार झाली, तर कंडेन्सरची उष्णता नीट बाहेर पडत नव्हती, असे समजावे. तो धुताना बागेची साधी नळी पुरते. मी स्वतः एकदा जोराच्या फवाऱ्याने धुतला आणि त्याच्या नाजूक पात्या चेपल्या. त्यामुळे वाऱ्याची वाट अधिकच अडली आणि ते नुकसान मला भरून काढता आले नाही. ग्लोव्ह बॉक्समागचा, आत येणारी हवा गाळणारा फिल्टरही याच वेळी पाहावा, मात्र काही लहान गाड्यांत तो मुळात बसवलेलाच नसतो.

आणखी एक शक्यता आहे. मागील वर्षी गॅस वजन न करता अंदाजाने भरला गेला असेल, तर तो जास्त झालेला असू शकतो, आणि जास्त गॅसनेही नेमके असेच होते. अशा वेळी डब्यातून आणखी भर घातली, तर दाब वाढून कॉम्प्रेसरलाच, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपालाच, धोका पोहोचतो. लहान गाडीत आर-134ए हा गॅस साधारणपणे 350 ते 500 ग्रॅमच मावतो, त्यामुळे 100 ग्रॅमची चूकसुद्धा मोठी ठरते. डब्यासोबतच्या मीटरवर फक्त दाब दिसतो आणि दाब हवेच्या तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणून त्यावरून आत किती ग्रॅम आहे हे कळत नाही. शिवाय हा गॅस उणे 26 अंशांना उकळतो. त्याचा द्रव डोळ्यांत किंवा बोटांवर उडाला तर गंभीर इजा होते. गळती बुजवणाऱ्या द्रवाचे डबे तर मी कोणालाही सुचवणार नाही, कारण तो द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या झडपेच्या, बारीक छिद्रात अडकू शकतो.

पंखा आणि कंडेन्सर दोन्ही निर्दोष निघाले, तरच गॅसकडे वळावे आणि ते काम गॅस काढण्या-भरण्याचे यंत्र असलेल्या ठिकाणी द्यावे. तेथे तीन गोष्टी आधीच सांगाव्यात : आतला गॅस यंत्राने काढून त्याचे वजन दाखवावे, नायट्रोजनच्या दाबाने गळती तपासावी आणि सुमारे अर्धा तास व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतली हवा शोषून काढून, मगच बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा. व्हॅक्यूम टाळला तर हवा व ओलावा आत राहतो, आणि तेलाशी मिसळलेला ओलावा हळूहळू आतले भाग खातो. कित्येक ठिकाणी जुना गॅस सरळ हवेत सोडून देतात. तो एक किलो गॅस शंभर वर्षांच्या हिशोबाने सुमारे 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो, म्हणून तो यंत्रातच काढून घेण्याचा आग्रह धरावा. बिलावर काढलेल्या आणि भरलेल्या गॅसचे वजन ग्रॅममध्ये लिहून घ्यावे. पुढील उन्हाळ्यात तक्रार आलीच, तर गळती आहे की नाही याचा पहिला पुरावा तोच असेल.